मठाच्या खिंडीतलं पाणी

शनिवारी सकाळी काका सायकल घेऊन घराबाहेर पडले. दुपारी दोन पोलीस दारात आले. काकूंनी त्यांना आत बसवलं आणि आधी पाणी दिलं. मग ते बोलले.

ते दोन हजार अठरा साल होतं. क्राइस्टचर्चमध्ये रिकार्टन या भागात काकांचं घर होतं आणि त्या घराच्या मागच्या खोलीत मी भाड्याने राहत होते. काका माझ्या नात्यातले कोणी नव्हेत. हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी लागून मी या गावात आले, तेव्हा एका पुणेकर जोडप्याकडे खोली रिकामी आहे असं कळलं, म्हणून बघायला गेले. थोडे दिवस राहून स्वतंत्र जागा शोधायची असा बेत होता. तो बेत मी पुढे कधीच मनावर घेतला नाही.

खोली बघायला गेले तेव्हा दार ज्यांनी उघडलं त्यांच्या डोक्यावर माकडटोपी होती आणि माकडटोपीवर हेल्मेट. पँटचे पाय मोज्यांत खोचलेले. अंगात रस्त्यावर काम करणारे घालतात तसलं झगझगीत नारिंगी जाकीट.

"चालत आलात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"चढ लागला का?"

मी म्हटलं, "नाही, सगळा सपाट रस्ता आहे."

"सपाट कुठला? बसस्टॉपपासून इथपर्यंत तुम्ही चढत आलात. थोडंसंच. तुम्हाला कळलं नाही, पायांना कळलं असेल." मग आत वळून हाक मारली, "अगं, मुलगी आली आहे. चांगली वाटते. चढ कळत नाही तिला, पण शिकेल."

पुण्यात असताना त्यांनी सगळी नोकरी घाटातल्या रस्त्यांवर काढली होती. भूकंपानंतर क्राइस्टचर्चला संरक्षक भिंती बांधणारे इंजिनियर हवे होते, तेव्हा पन्नाशी उलटल्यावर हा माणूस बायकोला घेऊन इथे आला. आल्यावर पहिल्यांदा घेतली ती सायकल. आणि सायकल आली तेव्हा गावाच्या दक्षिणेकडच्या पोर्ट हिल्समधले बरेचसे रस्ते बंद होते. वरून दगड पडत होते. ज्या डोंगरांसाठी सायकल घेतली ते समोर दिसत होते आणि चढायला मिळत नव्हते.

त्या दिवसांत त्यांना जुन्या पुस्तकांच्या एका विक्रीत एक नकाशा मिळाला. ग्रीसच्या एका बेटाचा, समोच्चरेषांचा, म्हणजे उंची दाखवणाऱ्या रेषांचा, घड्या पडून पडून फाटायला आलेला. बेटावर सपाट जागा म्हणून नाही. बंदरातून निघणारा प्रत्येक रस्ता डोंगरावर जातो आणि पलीकडे पुन्हा समुद्रात उतरतो. काकांनी तो नकाशा जेवणघरातल्या भिंतीवर लावला आणि इथले रस्ते उघडेपर्यंत त्या बेटावर चढायला सुरुवात केली.

चढायला म्हणजे खरोखरच. समोच्चरेषा मोजून ते प्रत्येक वळणाचा चढ काढत. पुढे पोर्ट हिल्समधले रस्ते एकेक करून उघडले, तेव्हा तेवढ्याच चढाचा तुकडा इथे कुठे आहे ते शोधून त्यावर सायकल घालत, आणि तिथे काय होतं ते घरी येऊन लिहीत. दम कुठे लागतो, गिअर कुठे उतरवायचा, वारा कुठून येईल, समुद्र पहिल्यांदा कुठे दिसेल. बेटावरची नावं वाचता येत नव्हती म्हणून त्यांनी स्वतःची ठेवली होती. एका रस्त्याचं नाव बोकडवाट. एक उतार आत्याबाईचा, कारण तो गोडगोड बोलत नेतो आणि शेवटच्या वळणाला अचानक फटका मारतो. सगळ्यांत उंचावरची जागा म्हणजे मठाची खिंड. नकाशावर तिथे एक क्रूस काढलेला होता.

काकू म्हणत, "लोकांचे नवरे दारू पितात, बाई. निदान बाहेर जाऊन तरी पितात. हे जेवताना आमटीचं बोट त्या बेटाला लावतात."

खरंच, बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर हळदीचा डाग होता.

माणसांनाही ते चढउतारांत मोजत. गणपतीच्या मंडळात एक नवीन गृहस्थ आले, फार नम्र, सगळ्यांना नमस्कार करणारे. काका माझ्या कानाशी म्हणाले, "सुरुवात सपाट आहे. पुढे बारा टक्क्यांचा चढ लागेल." लागला. मला एकदा आईने एक स्थळ सुचवलं होतं, त्या मुलाशी व्हिडिओवर बोलणं झालं. बोलणं संपल्यावर स्वयंपाकघरातून आवाज आला, "वळणं फार आहेत गं त्याच्यात. नको."

त्यांच्याबरोबर बाहेर जायचा मला संकोच वाटे. खिशात भडंग असायचं आणि ते कुठेही खायचे. सायकलवरून कोणाला मागे टाकताना घंटी वाजवायच्या ऐवजी "ओ भाऊ, बाजू!" असं ओरडायचे, आणि गोरी माणसं दचकून बाजूला व्हायची. गणपतीच्या आरतीला एकदा थेट डोंगरावरून आले, हेल्मेटसकट. तबक फिरत आलं तसं हेल्मेट काढलं, माकडटोपी राहिली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी आरतीच्या पुस्तकात डोकं घातलं. काकू मात्र ताठ उभ्या होत्या. नंतर गाडीत एवढंच म्हणाल्या, "लाज वाटून घ्यायची तर रोजच घ्यावी लागेल. मी सोडून दिली."

बेटावरचे हे सगळे रूट त्यांनी इंटरनेटवर टाकले होते. सायकलवाल्यांच्या एका साइटवर, इंग्रजीत, सविस्तर. 'मी तिथे गेलो' असं त्यांनी कुठेही लिहिलं नव्हतं आणि 'गेलो नाही' असंही लिहिलं नव्हतं. वर्तमानकाळात लिहिलं होतं. 'तिसऱ्या वळणानंतर रस्ता पूर्वेकडे वळतो आणि उजव्या हाताला समुद्र दिसतो.' कुठल्या कुठल्या देशांतून लोक आभार मानत. काका ते आभार मोठ्याने वाचून दाखवत आणि वाचून झालं की भिंतीवरच्या नकाशाकडे बघत.

"मग जाऊन या ना एकदा," काकू म्हणत.

"पुढच्या वर्षी."

हे 'पुढच्या वर्षी' मी किती वेळा ऐकलं ते सांगता येणार नाही. कधी काम असे, कधी काकूंचा गुडघा, कधी पुण्यातलं आजारपण. मला तेव्हाच वाटायचं की त्यांना जायचं नाही. ज्या गावाला आपण इतकी वर्षं मनाने राहिलो, तिथे जाऊन रस्ता विचारायचा, हे त्यांना जमलं नसतं.

एका रविवारी दुपारी एक जोडपं घरी आलं. दोघं कॅशमीरला राहणारे, म्हणजे याच गावातले, डोंगराच्या बाजूचे. साठीच्या आसपासचे, सायकल क्लबातले. काकांचे रूट छापून घेऊन दोघं त्या बेटावर सुट्टीला गेले होते. लिहिणारा माणूस आपल्याच गावात राहतो हे कळल्यावर शोधत आले. नवऱ्याचा हात झोळीत घालून गळ्यात बांधलेला होता.

काकांना काय आनंद झाला! काकूंनी चहा टाकला, मी चकल्या काढल्या. तो गृहस्थ बोलत होता आणि काका लहान मुलासारखे ऐकत होते. समुद्र जिथे दिसेल म्हटलं होतं तिथे दिसला. बोकडवाटेवर जिथे उतरून चालावंसं वाटेल म्हटलं होतं तिथेच वाटलं. आत्याबाईच्या उतारावर त्या शेवटच्या वळणाने दोघांनाही फटका दिला.

"हीप्स ऑफ गुड स्टफ, मेट," तो म्हणाला. मग चहाचा कप खाली ठेवला. "फक्त एक. पाण्याचं."

काकांच्या कागदात मठाच्या खिंडीपाशी लिहिलं होतं: 'इथे पाणी मिळेल. बाटल्या भरून घ्या.' त्या भरवशावर दोघांनी खालच्या गावात पाणी घेतलं नाही. वर पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. देऊळ होतं, खोलीएवढं, पांढरं. दाराला कुलूप. आजूबाजूला नळ नाही, झरा नाही, माणूस नाही. थोडं पुढे गेल्यावर त्याला चक्कर आली आणि तो सायकलवरून पडला. खांद्याचं हाड मोडलं. बायको एकटी पाणी शोधत खाली गेली.

हे सगळं त्याने अगदी सौम्यपणे सांगितलं. जणू चूक त्याची होती. आणि मग, काकांना अवघड वाटू नये म्हणून, त्यानेच वाट काढून दिली. "तुम्ही गेलात तेव्हा नळ असेल. बरीच वर्षं झाली असतील ना?"

काकूंचा हात चकलीच्या ताटलीवर होता. तो तिथेच राहिला.

काका म्हणाले, "हो. बरीच वर्षं झाली."

"स्वीट ॲज," तो म्हणाला, म्हणजे काही हरकत नाही. "तेवढं बदला म्हणजे झालं."

दोघं गेल्यावर काका बराच वेळ नकाशासमोर उभे होते. मी कपबशा विसळत होते. नळ मोठा सोडला होता, तो बारीक केला. त्यांच्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं. आपल्या घरातला माणूस खोटं बोलला आणि आपण समोर बसून ते ऐकलं, की ती लाज काही त्याच्या एकट्याची राहत नाही.

शेवटी काकूंनी विचारलं. "पाणी कुठून आणलंत तुम्ही तिथे?"

"खिंड होती गं," काका म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "खिंडीत देऊळ. आपल्याकडे घाटमाथ्याला काय असतं? खिंड म्हटली की देवी, देवी म्हटली की गुरव, आणि गुरव म्हटला की रांजण. मी जन्मभर प्यालो आहे ते पाणी. वर चढून आलेल्या माणसाला पाणी ठेवत नाहीत असा देव असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

नंतर मी पुष्कळदा त्यावर विचार केला. सगळ्या रूटमध्ये जे जे त्यांनी मोजून, रेषा लावून काढलं होतं ते बरोबर निघालं. जे मोजायची त्यांना गरजच वाटली नाही, तेवढं चुकलं.

साइटवरची ती ओळ त्यांनी त्याच दिवशी काढली. पण तेवढ्याने भागलं नाही. त्यांचं जेवण कमी झालं. आभाराचे निरोप वाचून दाखवणं बंद झालं. शनिवारी सायकल घेऊन कॅशमीरच्या चढावर जायचे आणि लगेच परत यायचे. कुठे गेला होता विचारलं तर म्हणायचे, "त्यांच्या फाटकापर्यंत."

"मग?"

"मग काय. आलो परत."

असं दोन-तीनदा झाल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, घर चढावर आहे म्हणून परत येता का?"

"चढाचं काही नाही," काका म्हणाले. "दम फाटकाशी लागतो."

पुढच्या शनिवारी त्यांनी मला म्हटलं, "तू चल बरोबर. गाडीने जाऊ." सायकलवरून गेलो तर पळून येता येतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. माकडटोपी नव्हती. त्यांचं कपाळ इतकं मोठं आहे हे मला तेव्हा कळलं.

दोघं घरीच होते. आम्हाला बाहेरच्या डेकवर बसवलं. काकांनी चहाला नको म्हटलं, जे त्यांनी माझ्यासमोर कधीही म्हटलेलं नव्हतं. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेत उभं केल्यासारखे, इंग्रजीत म्हणाले, "मी ग्रीसला कधी गेलेलो नाही. त्या दिवशी मी खोटं बोललो. ते पाणी मी मनाने लिहिलं होतं."

गृहस्थ जो हसायला लागला, त्याला थांबवेना. खांदा दुखतो म्हणून धरून हसत होता. "कधीच नाही? यू चीकी बगर! आणि तो समुद्र? तो उतार? हे क्लबात सांगायलाच पाहिजे!" त्याने काकांच्या पाठीवर थाप मारली.

काका हसले नाहीत. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता उठून चालू लागतील. शिक्षा मागायला गेलेल्या माणसाला त्याने बक्षीस दिलं होतं.

त्याची बायको हसत नव्हती. ती म्हणाली, "मी याला रस्त्यात ठेवून गेले. परत येईपर्यंत हा असेल की नाही मला माहीत नव्हतं. हे विनोदाचं नाही."

"डार्लिंग..." तो म्हणाला.

"तुझ्यासाठी असेल. तू शुद्धीत नव्हतास." मग तिने काकांकडे सरळ बघितलं. "तुम्ही ओळ काढून टाकलीत, मी बघितलं. ते पुरेसं नाही. ज्यांनी आधीच छापून घेतलं आहे त्यांचं काय? तिथे स्पष्ट लिहा. पाणी नाही असं लिहा. आणि तुम्ही गेलेला नाही असं लिहा."

काकांनी तिला नमस्कार केला. हात जोडून, मान खाली घालून, देवळात करतात तसा. तिला काय करावं ते कळलं नाही. तिनेही हात जोडले.

गाडीत बसल्यावर काका म्हणाले, "ती बाई चांगली आहे. रागावली." आणि मग खिशातून भडंग काढून खायला लागले. कितीतरी दिवसांनी.

साइटवर त्यांनी त्या बाईने सांगितलं तसं लिहिलं. त्यानंतर लोकांचे निरोप बदलले. काहींनी फसवणूक म्हटलं, काहींनी थट्टा केली. ग्रीसला न गेलेला ग्रीसचा वाटाड्या म्हणून मंडळातही गंमत झाली; आरतीनंतर कोणीतरी विचारायचं, "काका, स्वित्झर्लंडचा रस्ता सांगता का?" काका मान खाली घालून "सांगतो हां" म्हणायचे. कोणाशी भांडले नाहीत. काकूंनी पुन्हा एकदा म्हटलं, आता तरी जाऊन या, बघून या. ते म्हणाले, "आता कुठल्या तोंडाने जाऊ?"

ते बेटावर गेले नाहीत, पण खिंडीत जाऊ लागले. पोर्ट हिल्समध्ये एक खिंड आहे, जिला ते आपली मठाची खिंड समजत, कारण चढ तसाच होता. तिथे ना दुकान ना नळ. तिथल्या कुंपणाच्या खांबाला त्यांनी तोटीचा प्लॅस्टिकचा कॅन तारेने बांधला. वर इंग्रजीत पाटी: 'पिण्याचं पाणी. दर शनिवारी भरतो.' पाणी पाठीवरच्या पिशवीतून सायकलवर न्यायचे. गाडीने का नेत नाही विचारल्यावर म्हणाले, "गुरव गाडीने आणतो का?"

या देशात कोणी अनोळखी माणसाच्या कॅनमधलं पाणी पीत नाही. पहिल्यांदा कोणीतरी तो कॅन कचरा समजून नेला. दुसऱ्यांदा पाटीखाली कोणी लिहिलं, 'हे पिऊन पुण्य लागतं का?' कुंपण ज्याचं होतं तो मेंढपाळ एकदा समोर आला. मी त्या दिवशी बरोबर होते. पुस्तक घेऊन बसायचं म्हणून गाडीने वर गेले होते.

"हे तुझं?" त्याने विचारलं.

"माझं."

"कशाला?"

"तहान लागलेल्यांसाठी."

मेंढपाळाने दरीकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. "फेअर इनफ," तो म्हणाला. "तार सैल आहे. नॉरवेस्टर वारा सुटला की उडेल." आणि स्वतःच्या पकडीने त्याने ती पिळून घट्ट करून दिली.

त्या शनिवारी, दोन हजार अठरामध्ये, एक धावणारी मुलगी खिंडीत पोचली तेव्हा काका खांबाला टेकून बसलेले होते. झोपले आहेत असं तिला वाटलं. सायकल कुंपणाला लावलेली होती. कॅन भरलेला होता. हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. फार वेळ लागला नसेल, असंही सांगितलं. मी फार्मसीत काम करते. असं का सांगतात ते मला माहीत आहे.

शोकसभेला पुष्कळ लोक आले. कॅशमीरचे ते दोघंही आले. गृहस्थ बोलायला उभा राहिला आणि त्याने ती गोष्ट सांगितली, कधीही न पाहिलेल्या बेटाची. प्रेमाने सांगितली. लोक हसले, रडता रडता हसले, मंडळातले तर जास्तच. मी जमिनीकडे बघत होते. काका समोर असते तर मान खाली घालून "सांगतो हां" म्हणाले असते, एवढंच माझ्या डोक्यात येत होतं. त्याची बायको आपल्या जागेवरून म्हणाली, "पुरे आता." तो थांबला. मग ती उठून काकूंशेजारी येऊन बसली.

पुढच्या वर्षी काकू पुण्याला गेल्या. जाताना नकाशा घेऊन गेल्या, हळदीच्या डागासकट. घर विकलं गेलं. मी आता दुसरीकडे राहते.

खिंडीतला कॅन कधीतरी कोणी नेला. खांबाला पिळलेली तार आहे. मी तिथे गाडीने जाते. सायकल मला अजूनही चढावर चालवता येत नाही, आणि पाणी गाडीने न्यायचं की नाही हे माझं ठरलेलं नाही, म्हणून कधी नेते, कधी रिकाम्या हाताने जाते.

त्यांचं पान इंटरनेटवर आहे. लोक अजून त्यावरून त्या बेटावर जातात आणि समुद्र दिसला म्हणून कळवतात. मठाच्या खिंडीपाशी दोन ओळी आहेत. 'देवळाला कुलूप असतं, इथे पाणी नाही. हे लिहिणारा माणूस इथे कधी आलेला नाही.'